मुन्नीबीचे ठोके आणि द्वारकाबाईचं झाकण

वसमतला मोंढ्याच्या मागच्या अंगाला हळदीचे कारखाने आहेत. त्यांतल्या एकात मुन्नीबीची खुर्ची आहे. कारखाना विश्वंभरशेठचा, खुर्ची मुन्नीबीची, असंच तिथं सगळे म्हणतात आणि शेठलाही ते ऐकून घ्यावं लागतं.

खुर्चीपुढून रबरी पट्टा सरकतो. पट्ट्यावरून पॉलिश झालेली हळकुंडं येतात. दोन्ही अंगांनी बाया उभ्या राहून खडा, सुतळी, किडकं, पोचट वेचून काढतात आणि उरलेला माल मुन्नीबीच्या नजरेखालून पोत्यात पडतो. तिच्यापुढं फक्त पोतं. तिच्या हातून सुटलं ते थेट मुंबईला, तिथून बोटीवर. म्हणून त्या जागेला 'आखरी नजर' म्हणतात. खुर्ची प्लास्टिकची आहे, एका पायाला तार गुंडाळलेली आहे, पण मुन्नीबी तिच्यावर अशी बसते की शेठ बोलायला आला तर तोच अर्जदार वाटावा.

ती मूळची सेनगाव तालुक्यातल्या पुसेगावची. बाप बाजारात छत्र्या आणि कुलपं दुरुस्त करायचा. लग्न होऊन वसमतला आली ती जहांगीर कल्हईवाल्याच्या घरात. तेव्हा जहांगीरच्या भट्टीपुढं पितळी भांड्यांची रांग असायची. मग घरोघर स्टील आलं आणि रांग मोडली. भट्टी तशीच राहिली, जहांगीर तिच्यापुढं तसाच बसून राहिला आणि मुन्नीबी हळद निवडायला गेली. कुणी तिला पाठवलं नाही. तिला पाठवणारा अजून जन्मायचा आहे. कारखान्यात बायांच्या संडासाला कडी नव्हती, ती तिनं बसवून घेतली. शेठ आज-उद्या करत होता, तर हिनं शेठच्या केबिनची कडी काढून आणली आणि म्हणाली, "तुमची हाय ती बसवू का नवी आणता?" नवी आली. बायांना हक्क असे मिळतात. अर्ज करून मिळाले असते तर अर्ज लिहून देणाऱ्यांचे वाडे झाले नसते.

मुन्नीबीच्या बरोबर समोर, पट्ट्याच्या पलीकडं, तेलाच्या उपड्या डब्यावर द्वारकाबाई बसायची. दोघी एका गल्लीतल्या, आणि दोघींचं भांडण वसमतच्या बस स्टँडइतकंच सर्वांच्या माहितीचं. मुन्नीबीची पोरगी कहकशा हिच्या लग्नात द्वारकाबाईनं आपल्या सासूचं पितळी पातेलं झाकणासकट वापरायला दिलं होतं. लग्न झालं. भांडं परत करायच्या आधी जहांगीरनं आतून फुकट कल्हई लावून दिली, आरशासारखी. पातेलं घरी गेलं, द्वारकाबाईनं झाकण ठेवलं, तर झाकण डुगडुगलं.

"हे माझं झाकण न्हाई," द्वारकाबाई म्हणाली.

"तुमचंच हाय," मुन्नीबी म्हणाली.

"बसंना ते."

"तुमच्या पातेल्यानं अंग धरलं आसंल."

त्या दिवसापासून ते चालू होतं. कहकशाची लेकरं शाळेत जायला लागली तरी चालू होतं. सकाळी पट्टा सुरू झाला की पहिलं पोतं तोंडाला यायच्या आत द्वारकाबाई सुरुवात करायची.

"मुन्नीबी, झाकण."

"कोणतं?"

"जे खाल्लं ते."

"पितळ खायची रीत आमच्यात न्हाई, द्वारकाबाई. तुमच्यात आसंल तर सांगा, ईदीला तेच करू."

मग सासू निघायची, लग्नातलं मीठ कमी पडलेलं निघायचं, द्वारकाबाईच्या पोरानं औंढ्याच्या जत्रेत हरवलेली चप्पल निघायची, आणि फिरून परत झाकणावर यायचं. बाकीच्या बाया ऐकत राहायच्या आणि वेचत राहायच्या. मुन्नीबीच्या घरात दखनी बोलतात, पण भांडायला तिला मराठीच लागते. ती म्हणते, दखनीत शिवी दिली की समोरच्याला लाड केल्यासारखं वाटतं.

मागच्या उन्हाळ्यात ऐन सीझनला शेठनं एक पोरगी आणली. पुनम तिचं नाव, कुठल्याशा इंजिनिअरिंग कॉलेजात संशोधन करणारी. दुपारनंतर बायांची नजर घसरते आणि खडे सुटतात, अशी शेठची तक्रार होती. बायांना दुपारनंतर पंखा मिळत नाही, अशी बायांची होती. शेठनं पंख्याऐवजी संशोधन आणलं.

पुनमनं छातीला बांधायचे काळे पट्टे आणले होते, पाण्यानं ओले करून ब्लाउजच्या खालून बांधायचे. बाया पोत्यांच्या थप्पीमागं जाऊन हसत हसत बांधून आल्या. मुन्नीबी हसली नाही. तिनं पट्टा हातात धरून किडकं हळकुंड बघावं तसा उलटापालटा बघितला.

"गाव कोणतं पोरी तुझं?"

"पुसेगाव, मावशी."

इथं मामला अर्धा मिटला. माहेरच्या पोरीला नाही कसं म्हणायचं.

"मोजतं काय हे?"

"काळजाच्या दोन ठोक्यांमधलं अंतर."

"त्याचं काय लोणचं घालायचं?"

"मावशी, माणूस आरामात असला ना, की ते अंतर थोडं कमी-जास्त होत राहतं. मनावर ताण आला की ठोके एकसारखे पडायला लागतात, घड्याळासारखे. बराच वेळ एकच काम करून डोकं किती थकलं, त्याचा अंदाज त्यावरून घ्यायचा. तुम्ही थकलात की इकडं लाल दिसंल, मग तुम्हाला सुट्टी. कूलरच्या खोलीत बसायचं."

"म्हंजे घड्याळासारखं चाललं तर माणूस बिघडलं."

"तसंच काहीसं."

"आन् काळीजच नसलं एखादीला तर?" पलीकडून द्वारकाबाईनं विचारलं. ती पुनमकडं बघत नव्हती.

"तर तुमचा पट्टा कोराच राहील, द्वारकाबाई," मुन्नीबी म्हणाली. "पोरीला उगं तकलीफ."

पुनमच्या टेबलावर कॉम्प्युटर होता आणि त्यात प्रत्येक बाईच्या नावापुढं एक चौकोन. हिरवा म्हणजे ताजी, पिवळा म्हणजे उतरती, लाल म्हणजे थकली. चौकोन शेठनं मागितले होते. पुनम म्हणत होती की नुसत्या ठोक्यांच्या रेघा बघूया, रंग एवढ्यात नकोत. कारण रंग कधी बदलायचा ते आकडे परदेशातल्या अभ्यासातून घेतलेले आहेत, आणि तिथं माणसं बंद खोलीत एकटी बसून पडद्यावरचे ठिपके मोजत होती. पण शेठला रेघ वाचता येत नव्हती. सिग्नल वाचता येत होता.

पहिल्याच सकाळी मुन्नीबीचा चौकोन लाल झाला. थकायला अजून रबरी पट्टा नीट सुरूसुद्धा झाला नव्हता, द्वारकाबाईनं फक्त "मुन्नीबी, झाकण" म्हटलं होतं. दिवसभर लाल. दुसऱ्या दिवशी लाल. मुन्नीबीला कूलरच्या खोलीत पाठवलं, तिथं ती हिरवी झाली. परत येऊन बसली, द्वारकाबाई बोलली, लाल. द्वारकाबाईचाही तोच हाल. बाकी बाया सकाळी हिरव्या, दुपारी पिवळ्या, शहाण्यासारख्या थकत होत्या.

शेठ पडद्यापुढं उभा राहिला. "ही बाई मरंल माझ्या कारखान्यात. नाव माझं येईल."

"सर, ताण वेगळा आणि थकवा वेगळा," पुनम म्हणाली. "लाल दिसतंय त्याचा अर्थ अजून—"

"लाल एकच आसतो, मॅडम. ताणाचं मूळ समोर डब्यावर बसलंय."

त्यानं द्वारकाबाईला उचलून पोत्यांची तोंडं शिवायला टाकलं. मागच्या शेडमध्ये, दाभण आणि सुतळी घेऊन. द्वारकाबाई गेली तेव्हा मुन्नीबीनं तिच्याकडं बघितलंसुद्धा नाही. मनात म्हणाली, गेली कटकट. त्या दिवशी जहांगीरसाठी बाजारातून खारी घेऊन गेली.

डब्यावर ज्योती आली. ज्योती नवीन लग्न झालेली, गुणाची पोर. मुन्नीबीनं सवयीनं तिच्यावर एक खडा टाकून बघितला.

"तुझ्या सासरचे लोक चिक्कू हायत म्हणं."

"हाव, मावशी," ज्योती म्हणाली.

"आन् तुला सैपाक येत न्हाई म्हणं."

"न्हाई येत, मावशी. शिकून राहिले."

असल्या पोरीशी माणसानं काय बोलावं. मुन्नीबी गप्प बसली. तिच्याबरोबर पट्टा गप्प झाला. हळकुंडं येत राहिली, पिवळ्यामागं पिवळं. आणि चौकोन हिरवा झाला. सकाळी हिरवा, दुपारी जास्त हिरवा, सुट्टीच्या वक्ताला तर उसाच्या पानासारखा. शेठ बाकीच्या बायांना पडद्यापुढं आणून दाखवायला लागला. "मुन्नीबीकडं बघा. अशी शांतता पाहिजे." मुन्नीबीला ते बरं वाटलं, खोटं कशाला सांगायचं. नमाजनंतर माणसाला वाटतं तसलं शांत वाटतंय, असं तिनं घरी सांगितलं. फक्त घरी येताना आपण कोणत्या रस्त्यानं आलो ते तिला आठवत नसे.

मग मुंबईहून माल परत आला.

शेठनं पोतं टेबलावर उपडं केलं. खडे होते, सुतळी होती, भोकं पडलेली हळकुंडं होती. आणि सदऱ्याचं एक पांढरं बटण होतं. शेठनं बटण चिमटीत धरलं.

"हे हळकुंड हाय का, मुन्नीबी?"

मुन्नीबीनं बटणाकडं पाहिलं. पिवळ्या पट्ट्यावर पांढरं बटण म्हणजे अमावस्येला कंदील. ते तिच्या नजरेखालून गेलं होतं आणि तिच्या नजरेनं त्याला सलाम करून वाट दिली होती. 

"ह्या खेपेला म्या ऐकून घेतलं," शेठ म्हणाला. "आनखी एकदा लॉट वापस आला तर खुर्चीवर ज्योती बसंल. तुमी ड्रमवर."

ड्रम म्हणजे पॉलिशचा. तिथं अशी धूळ उडते की बाई खोकली तरी पिवळं पडतं. पण मुन्नीबीला धुळीची भीती नव्हती. खुर्ची जाणार, आणि मागच्या शेडमध्ये द्वारकाबाईला ते कळणार, याची होती.

ती तरातरा पुनमच्या टेबलाशी गेली, थप्पीमागं जायचंसुद्धा भान न ठेवता पट्टा ओढून काढला आणि कॉम्प्युटरवर टाकला. "हा घे तुझा पट्टा. नजर खाऊन राहिला हा माझी. बांधला तवापासून डोळ्यापुढं नुसतं पिवळं दिसतं."

"मावशी, पट्टा काही खात नाही. तो फक्त ऐकतो."

"मंग त्यानं शेठला खोटं काहून सांगितलं? हिरवी म्हणं. हिरवी बाई बटण सोडती का?"

पुनमनं पट्टा उचलून बाजूला ठेवला. पोरगी प्रामाणिक होती, तिनं 'मशीन चुकत नसतं' असलं पुस्तकी काही तोंडावर फेकलं नाही. तिनं मुन्नीबीच्या सगळ्या दिवसांच्या रेघा काढल्या, परत आलेल्या लॉटच्या तारखा काढल्या, आणि दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत डबा न उघडताच मुन्नीबीपाशी येऊन बसली.

"चूक माझी आहे, मावशी. तुमचं मन आराम करत नव्हतं. ते कामावरून उठून गेलं होतं. काळजाला दोन्ही सारखंच. मनानं जोर लावणं सोडलं की ठोके मोकळे होतात, आणि मशीनला वाटतं बाई ताजी आहे. थकलेलं माणूस दोन तऱ्हेनं दिसतं. एक जोर लावून लावून थकलेलं, आणि एक जोर लावणंच सोडलेलं. नुसत्या ठोक्यावरून मला ते वेगळं नाही काढता आलं. मी त्याच्या जोडीला चुका मोजायला पाहिजे होत्या. मी मोजल्या नाहीत."

"आन् ते लाल?"

"तुम्ही जाग्या होता."

मुन्नीबीनं भाकरीचा तुकडा मोडला. "म्हंजे द्वारकाबाईमुळं."

"आकडे तसंच म्हणतात."

"आकड्यांना काय अक्कल," मुन्नीबी म्हणाली, पण भाकरी तिच्या हातातच राहिली.

पुनमनं शेठला गाठलं आणि द्वारकाबाईला परत डब्यावर बसवा म्हणाली. शेठनं आधी कपाळाला हात लावला. "म्हंजे मी पगार देऊन भांडण ठेवायचं?"

"आतापर्यंत फुकट होतं, सर."

शेवटी तो एका लॉटपुरता तयार झाला. पण द्वारकाबाई तयार होईना. ती दाभणावरून डोळा न काढता म्हणाली, "मला इथं बरं हाय. सावली हाय. मुन्नीबीला माझी गरज आसंल तर मुन्नीबीनं येऊन म्हणावं."

झालं. शेठच्या केबिनची कडी काढून आणणारी बाई मागच्या शेडपर्यंत गेली आणि दारातून परत आली. ज्योतीनं विचारलं तर म्हणाली, "सुतळी पायजे व्हती." पुन्हा एकदा गेली. तेव्हा तिनं द्वारकाबाईला बघितलं. द्वारकाबाई पोतं शिवत होती, आणि पोत्याच्या तोंडासोबत तिनं स्वतःचा पदरही शिवून टाकला होता. तिला अजून कळलं नव्हतं. डोळे उघडे, हात चालू, बाई कुठंतरी गेलेली. मुन्नीबीला ते तोंड ओळखीचं वाटलं. आरशात पाहिलं होतं तिनं ते, अलीकडंच. तरीही ती नुसती सुतळी घेऊन आली.

घरी येऊन ती भट्टीपाशी बसली आणि जहांगीरला सगळं सांगितलं. जहांगीर कमी बोलणारा माणूस. त्यानं बिडी विझवली.

"वो ढक्कन है ना," तो म्हणाला, "द्वारकाबाई का. वो कोयले के डब्बे पे है."

मुन्नीबीला आधी कळलंच नाही. मग ती उठली. कोपऱ्यात कोळशाचा डबा, त्यावर काळंकुट्ट ताटासारखं काहीतरी. लग्नानंतर पातेल्यासोबत झाकणही कल्हईला आलं होतं, आणि परत जाताना लग्नाच्या उसन्या भांड्यांच्या गर्दीत दुसऱ्याच कुणाचं तरी गेलं होतं.

"तुमको मालूम था?"

"हां."

"इत्ते दिन बोले कायकू नहीं?"

"तू पहलेच दिन बोली ना, अपने घर में ढक्कन नहीं. मैं बोला, नहीं तो नहीं."

मुन्नीबीनं त्याला काही केलं नाही, यावरून ती किती खचली होती ते समजावं. तिनं चिंच भिजत घातली आणि झाकण घासायला बसली. काळं निघालं, तांबूस निघालं, मग पिवळं चमकायला लागलं. कडेवर द्वारकाबाईच्या सासूचं नाव ठोकलेलं होतं. आता हे घेऊन जायचं, चूक झाली म्हणायचं, आणि बाई म्हणेल चला. सोपं होतं. मुन्नीबी पदरानं झाकण पुसून उठली, उंबऱ्यापर्यंत गेली आणि थांबली.

झाकण दिलं, द्वारकाबाई आली, डब्यावर बसली. मग? पट्टा सुरू होणार. द्वारकाबाई काय म्हणणार? बरं हाय का, मुन्नीबी. आणि ही म्हणणार, बरं हाय. दुसरी ज्योतीच की ती. पुढच्याच लॉटला बटण जाणार आणि त्याच्यामागं खुर्ची.

ती परत फिरली. अंगणात पाण्याचा रांजण होता, त्यावर तिनं झाकण ठेवलं. रांजणावर ते नीट बसलं.

दुसऱ्या दिवशी कारखान्याला सुट्टी. ऊन चढल्यावर दारात द्वारकाबाई उभी. झाकणाच्या दिवसापासून तिनं या उंबऱ्याला पाय लावला नव्हता. हातात एक पातेलं होतं.

"भाईजान, कल्हई लावायची व्हती."

जहांगीरनं पातेलं घेतलं. स्टीलचं होतं. स्टीलला कल्हई लागत नाही आणि लावतही नाहीत, हे वसमतमध्ये त्याच्याइतकं कुणालाच कळलेलं नव्हतं, त्या स्टीलनंच तर त्याची भट्टी विझवली होती. त्यानं पातेलं वर धरून आत बघितलं, बुडाला टिचकी मारली.

"ठेवा," तो म्हणाला. "येळ लागंल."

द्वारकाबाई ओट्यावर टेकली. मुन्नीबी चहा ठेवायला आत वळली आणि वळतानाच तिला रांजण दिसला. उन्हात झाकण असं चमकत होतं की गल्लीच्या टोकावरून दिसावं. आता काही करायला वेळ नव्हता.

"पाणी पायजे व्हतं," द्वारकाबाई म्हणाली, आणि कुणी उठायच्या आत स्वतःच उठली.

मुन्नीबी चुलीपाशी उभी राहून बघत होती. त्या वेळी छातीला पट्टा असता तर पुनमच्या चौकोनाला लालच्या पुढचा रंग शोधावा लागला असता. द्वारकाबाईनं झाकण उचललं. हातात धरलं. कडेवरून अंगठा फिरवला, नावापाशी अंगठा थांबला. मग तिनं तांब्या बुडवला, उभ्यानं पाणी प्यायली, झाकण परत रांजणावर ठेवलं आणि तळहातानं दाबून नीट बसवलं.

"पाणी खारट हाय तुमचं," ती म्हणाली.

"नळ एकच हाय गल्लीला," मुन्नीबी म्हणाली. "तुमच्याकडं साखर पडती का त्यातून?"

द्वारकाबाईनं चहा घेतला. बशीतला शेवटचा घोट संपवून ती उठली, पदर झटकला. पदराला अजून सुतळीची भोकं होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी ज्योती आपल्या जुन्या जागेवर उभी होती आणि तेलाच्या डब्यावर द्वारकाबाई. कोण कुणाला काय म्हणालं, शेठनं विचारलं. कुणी काही म्हणालं नव्हतं. पुनमनं पट्टे बांधले, आणि या खेपेला वही घेऊन पोत्यापाशी स्वतः बसली, सुटलेला माल मोजायला. रबरी पट्टा हलला. हळकुंडं यायला लागली.

"मुन्नीबी," द्वारकाबाई म्हणाली, "झाकण."

"कोणतं?"

"जे खाल्लं ते."

"पुरावा हाय का?"

"पुरावा म्या डोळ्यानं बघितला आसता तर सोडला आसता का?"

मुन्नीबीनं समोर बघितलं. द्वारकाबाई खाली बघून सुतळीचा तुकडा उचलत होती. मुन्नीबीनंही खाली बघितलं, एक खडा उचलला, एक पोचट उचललं. पडद्यावर दोन्ही चौकोन लाल झाले. शेठ केबिनमधून बाहेर आला, पडदा बघून तोंड उघडलं, पुनमनं हात वर केला, आणि तो पुन्हा आत गेला.

तो लॉट परत आला नाही. त्यानंतरचाही नाही. पुनमनं आपल्या अभ्यासात त्या दोघींच्या रेघा वेगळ्या काढून लिहिलं की ठोक्यांवरून थकवा ओळखायचा असेल तर माणूस काय करतंय आणि त्याच्यासमोर कोण बसलंय, हेही बघावं लागतं. कॉलेजच्या सरांनी दुसरा भाग खोडला म्हणे. शेठनं रंग बंद करून पंखा लावला, तोही एकच, आणि त्याचं तोंड कुणाकडं असावं यावर बायांचं वेगळंच चालू आहे.

खुर्ची मुन्नीबीची आहे. झाकण रांजणावर आहे. स्टीलचं पातेलं जहांगीरच्या भट्टीपाशी अजून तसंच पडून आहे, आणि हल्ली द्वारकाबाई सकाळी झाकण झालं की दुपारी पातेलं मागते.

"कल्हई लागून राहिली," मुन्नीबी सांगते. "स्टीलला येळ लागतो."